दिवाळीचा मुक्काम

कोजागिरी झाली की आमच्याकडे माळ्यावरच्या गाद्या खाली निघतात. दिवाळीला कोण येणार, किती येणार हे ठरायच्या आधीच त्यांना दोन उन्हं दाखवून ठेवायची, ही आईची शिस्त. २०२५च्या ऑक्टोबरातही मी एक रविवार धरून त्या गच्चीवर नेल्या, कठड्यावर टाकल्या आणि काठीने झोडपत होतो. नाकातोंडात धूळ गेलेली, तेवढ्यात धाकट्या चुलतभावाचा चेन्नईहून फोन आला. "दादा, धनत्रयोदशीला संध्याकाळपर्यंत पोचतो आम्ही. आणि ऐक ना, पोवई नाक्याजवळ हॉटेल बुक केलंय. आई तुमच्याकडे राहील, आम्ही चौघं तिकडे झोपायला जाऊ. उगाच तुम्हाला त्रास नको." मी "बरं" म्हणालो, फोन खिशात टाकला आणि उरलेल्या गाद्या जरा जास्तच जोरात झोडपल्या.

साताऱ्यात हॉटेलात उतरतात ते कासला फुलं बघायला आलेले पुण्या-मुंबईचे लोक, नाहीतर लग्नातली वरपक्षाची मंडळी. घरचा माणूस, तोही दिवाळीला, किल्ली हातात घेऊन रिसेप्शनवरून वर जातोय हे चित्र काही केल्या मला पटेना. जिन्यावरून खाली येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी दोनदा भांडून घेतलं. घरात येऊन सांगितलं, तर बायको म्हणाली, "किती समजूतदार आहेत गं बाई!" आणि हे ती माझ्या आईला उद्देशून म्हणाली. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "म्हणजे काकू एकटीच इथे? मग चादरी कमी धुवाव्या लागतील." एवढंच. मी एकटाच रुसलेला, आणि मी रुसलोय हे घरात कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

माझ्या डोक्यात होता तो शनिवार पेठेतला वाडा. आता त्या जागी इमारत आहे आणि आमच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट आलाय. पण दिवाळी म्हटलं की मी अजून त्या वाड्याच्या माडीवरच झोपतो. चार भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, एखादी आत्या आणि तिच्याबरोबर आलेली तिची नणंद, असा सोळा-अठरा माणसांचा लवाजमा. मुंबईकर रातराणीने यायचे आणि पहाटे स्टँडवरून टांग्यात बसून वाड्याच्या दारात उतरायचे. सोलापूरचे काका दुपारच्या एसटीने. प्रत्येक जण आला की तेच ते पाय धुणं, तोच चहा, आणि "किती वाळलास रे" हे वाक्य, मग समोरचा कितीही सुटलेला असो. रात्री माडीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्यांची एक सलग ओळ. त्यांच्यातल्या फटी चादरींनी झाकलेल्या. मधल्या फटीत ज्याची पाठ यायची तो सकाळी तिरका चालायचा. कुणी कुणाशेजारी झोपायचं यावरून आमच्यात मारामाऱ्या व्हायच्या, कारण मुंबईचा मोठा भाऊ भुताच्या गोष्टी सांगायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा पहिल्याच दिवशी पटकावलेल्या असायच्या.

आणि मोठ्यांच्या गप्पा. दिवा मालवला की त्या सुरू व्हायच्या. गावच्या जमिनीच्या वाटण्या, कुणाचं लग्न कुठे अडलंय, आत्याच्या सासरी नेमकं काय चाललंय, आजोबांनी कुणाला किती पैसे दिले होते आणि ते कुणी कसे बुडवले. आम्ही डोळे मिटून, श्वास मुद्दाम संथ ठेवून ऐकत पडायचो. आमच्या घराण्याचा इतिहास मला कुणी समोर बसवून सांगितलेला नाही. तो सगळा मी झोपेचं सोंग घेऊन, अंधारात, निलगिरी तेल आणि फटाक्यांच्या दारूच्या वासात ऐकलेला आहे. दिवसाउजेडी तीच माणसं एकमेकांशी फक्त बाजारभाव आणि पोरांचे मार्क बोलायची.

हे सगळं मी एकदा आईसमोर बोलून दाखवलं.

ती चकल्या पाडत होती. सोऱ्या दोन्ही हातांनी दाबत, कागदावर एकेक वेढा देत, शेवटचं टोक अंगठ्याने आत चिकटवत. हे टोक नीट चिकटलं नाही तर चकली तेलात सुटते आणि तिचा साप होतो. पाच चकल्या पुऱ्या होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला गाद्या आठवतात. त्या घालत कोण होतं आणि सकाळी गुंडाळत कोण होतं, ते आठवतं का?" मला आठवत होतं, पण मी गप्प बसलो. "आम्ही चौघी जावा माजघरात पडायचो. बारा वाजायचे पाठ टेकायला, आणि पहिल्या अंघोळीच्या दिवशी साडेतीनला उठायचं. त्या माडीवरच्या गप्पा कधी कानावर पडल्या असतील तर शपथ. मला त्या दिवाळ्यांतला धूर आठवतो. बंबाचा एक आणि चुलीचा एक."

बंब तांब्याचा होता, परसात न्हाणीघराच्या भिंतीला टेकून उभा असायचा. त्याच्या पोटातून जाणाऱ्या नळीत करवंट्या, शेंड्या, गोवऱ्यांचे तुकडे टाकायचे. ओला लाकूडफाटा असला की फुंकून फुंकून डोळे लाल. अंघोळींचा क्रम ठरलेला होता. आधी आजोबा, मग काका मंडळी वयाप्रमाणे, मग मुलगे, मग मुली. प्रत्येकाला पाटावर बसवून तेल लावायचं, उटणं चोळायचं, ओवाळायचं. प्रत्येकाच्या दुसऱ्या तांब्याला बाहेर फुलबाजी पेटायची. नरकचतुर्दशीला सूर्योदयाआधी न्हायलं नाही तर नरकात जावं लागतं, हे आजी आम्हाला दरडावून सांगायची आणि आम्ही अंथरुणातून टुणकन उठायचो. पण हे सगळं उरकून घरातल्या बायकांचा नंबर लागेपर्यंत उन्हं परसातल्या तुळशीवर आलेली असायची आणि बंबातलं पाणी कोमट झालेलं असायचं. "त्या हिशोबाने मी आणि तुझ्या तिन्ही काकू दर वर्षी नरकातच," आई म्हणाली आणि पुढची चकली पाडायला घेतली. हे ती चिडून म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती हसत म्हणाली.

तेव्हापासून एकत्र कुटुंबाच्या गोड आठवणी कुणी सांगू लागलं की मी आधी सांगणारा कोण आहे ते बघतो. बहुतेक वेळा तो गादीवर झोपलेला असतो. तरीही, आईचं सगळं खरं धरूनही, माझी ती माडी काही पुसली जात नाही. ती खोटी नव्हती. ती उभी राहायला खाली माजघरात चार बायका जाग्या होत्या, एवढंच मला माहीत नव्हतं. आता कळलंय, तर त्या आठवणीचं करायचं काय? टाकून द्यायची? मला ते जमत नाही आणि जमावं असंही वाटत नाही.

धनत्रयोदशीला, १८ तारखेला, मंडळी आली ती रात्री नऊला. विमानाने पुण्यात दुपारीच उतरले होते. पण पुणं-सातारा हा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता दिवाळीत किती तासांचा होईल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. "खेड शिवापूरला आहोत", "खंबाटकीत अडकलोय", "अजून खंबाटकीतच आहोत", असे भावाचे फोन येत राहिले आणि बायको तेवढ्यांदा भाताचा कुकर लावायचा की नाही ते विचारत राहिली. शेवटी दारात उभी राहिली ती काकू. चौऱ्याहत्तरीची, हातात काठी, तरी पुढची पिशवी कुणाला उचलू देईना. पिशवीत काय, तर फिल्टर कॉफीची पावडर आणि चकलीची भाजणी. तिने चेन्नईत बसून भाजलेली, विमानातून आणलेली. आई म्हणाली, "अगं, इथे भाजणी मिळत नाही का?" काकू म्हणाली, "तुझ्या भाजणीत धणे कमी असतात. चाळीस वर्षं सांगतेय."

भावजय तमिळ. लग्नाला बारा वर्षं झाली, मराठी काकूकडून शिकली, त्यामुळे बोलते ती थेट काकूच्या पिढीचं. "इश्श" आणि "अगं बाई" तिच्या तोंडी असतात, पण करंजी तिच्याकडे अजून पुल्लिंगी आहे. जेवणं झाली, फराळाचे डबे उघडून प्रत्येकातलं एकेक चाखून झालं. अनारसे थोडे हसलेच होते, त्यावर चर्चा झाली. आणि साडेदहाला भाऊ उठला. "चला, निघतो." त्या क्षणी मला परत तेच वाटलं जे गच्चीवर वाटलं होतं. गप्पा आत्ता कुठे सुरू होणार होत्या. पाहुणा राहायला असला की साडेदहानंतर तो पाहुणा राहत नाही. तो लुंगी नेसतो, पाय वर घेतो, जांभई देतो, आणि जांभया देत देत दिवसभर न बोललेलं बोलतो. त्याऐवजी आम्ही सगळे चपला घालून गाडीपर्यंत सोडायला गेलो. हात हलवले.

पण पोरं गेली नाहीत. नऊ वर्षांचा पुतण्या आणि त्याची धाकटी बहीण यांनी हॉलमध्ये गाद्यांचा ढीग बघितला आणि गाडीत बसायला साफ नकार दिला. त्या रात्रीपासून हॉटेलातली ती चौघांची खोली दोघांनीच वापरली. यावर मी काहीतरी खोचक बोललो, पैसे फुकट गेले वगैरे, तेव्हा बायको भांडी विसळता विसळता म्हणाली, "फुकट कसले? दोघं नोकरी करणारी, घरात सासूबाई, दोन मुलं. त्या दोघांना निवांत चार रात्री किती वर्षांनी मिळाल्या असतील." मग थोडं थांबून, "आपल्याला कधी मिळाल्या?" या प्रश्नावर मी पाणी प्यायलो.

२०२५च्या दिवाळीत एक भाकड दिवस होता. १८ला धनत्रयोदशी, २०ला नरकचतुर्दशी, मधला रविवार रिकामा. त्या रविवारी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये किल्ला झाला. पोरांनी आधीच प्रतापगड ठरवला होता. साताऱ्याची पोरं दुसरं काय ठरवणार, जिल्ह्यातलाच किल्ला. पुतण्या मात्र हटून बसला की जिंजी करायचा. जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा हा, तमिळनाडूतला, चेन्नईपासून दीडशे-एक किलोमीटरवर. तो तिथे जाऊन आलेला होता आणि इतरांपैकी कुणीच गेलेलं नव्हतं, त्यामुळे वादात त्याचं पारडं जड झालं. अडचण अशी की जिंजीला एक डोंगर पुरत नाही. तीन वेगवेगळे डोंगर आणि तिन्हींना वेढणारी एक लांबलचक तटबंदी. पोती कमी पडली. किराणावाल्याकडून आणखी आणली, दगड शेजारच्या बांधकामावरून, लाल माती रोपवाटिकेतून. दोन चारचाक्या रस्त्यावर लावायला लागल्या, त्यावरून एका काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर निषेध नोंदवला. माती कालवणारी शनिवार पेठेतली पोरं दुपारपर्यंत "सीक्किरम, सीक्किरम" ओरडत होती. म्हणजे लवकर, लवकर. पुतण्याने बाकी काही शिकवलं नसेल, पण मुकादमकी करायला लागणारा तेवढा शब्द शिकवला.

मग चित्रं आणायला राजवाड्याच्या बाजूला गेलो. रस्त्याकडेच्या पालांत मातीची चित्रं मांडलेली असतात. मावळे, तोफा, हत्ती, सिंहासनावरचे शिवाजी महाराज, आणि महाराजांपेक्षा डोक्याने उंच असलेली गवळण. पुतण्याने विक्रेत्याला विचारलं, "राजाराम महाराज आहेत का?" विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. मुलाचं म्हणणं बरोबर होतं. शिवाजी महाराजांनी १६७७ साली जिंजी घेतली खरी, पण तिथे राहून राज्य चालवलं ते राजाराम महाराजांनी. रायगडाला वेढा पडल्यावर ते निसटून इतक्या लांब गेले, आणि मग मोगल आठ वर्षं त्या तीन डोंगरांभोवती बसून राहिले. विक्रेत्याने एक बरा फेटा असलेला मावळा उचलला, रिकाम्या सिंहासनावर ठेवून बघितला आणि म्हणाला, "हे घ्या राजाराम महाराज. पन्नास कमी द्या." मुलाने ते मान्य केलं. तटावर हळीव पेरलं, त्यावर पाणी शिंपडलं. हळीव वर यायला तीन-चार दिवस लागतात, म्हणून तो दर दोन तासांनी खाली जाऊन माती उकरून बघत होता.

त्या रात्रीही साडेदहाला भाऊ-भावजय हॉटेलवर गेले. पहाटे सव्वाचारला माझा फोन वाजला. भावजय. "दादा, इथे गरम पाणी सहानंतर येतं म्हणतात. आम्ही तिकडे येऊ का?" तिच्या आवाजातली घाई मला आधी कळली नाही. आमच्याकडे दिवाळी पाच-सहा दिवस चालते, एखादा इकडेतिकडे झाला तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो. त्यांची दीपावळी हीच, या एका पहाटेची. अंधार असतानाच तेल लावून न्हायचं, नवे कपडे, की झालं. त्या दिवशी सकाळी तिकडे लोक एकमेकांना "गंगास्नानम् आच्चा?" विचारतात. झाली का गंगेची अंघोळ, असं. घरातल्या गीझरच्या पाण्यात त्या पहाटे गंगा उतरलेली असते, हे त्यात गृहीतच आहे. तिचं माहेर आता तिथे उरलेलं नाही, आणि ही पहाट हॉटेलच्या बाथरूममध्ये उगवून जावी हे तिला चालण्यासारखं नव्हतं. पाऊण तासात दोघं दारात. केस विस्कटलेले, हातात नव्या कपड्यांची पिशवी आणि एक छोटा डबा.

आईने पाट मांडला होता, भोवती रांगोळी, तेलाची वाटी, उटण्याची वाटी. वाड्यातला तो बंब आता आमच्या बाल्कनीत आहे, घासूनपुसून त्यात मनीप्लँट लावलाय. पाणी गॅस गीझरचं. मी सवयीने पुढे झालो. पहिला नंबर माझा असतो, वडील गेल्यापासून. पण मी पाटाजवळ पोचायच्या आत भावजय त्यावर जाऊन बसली. मुद्दाम नव्हे, सहज. आईकडे पाठ करून तिने केस मोकळे सोडले आणि वाट बघत राहिली. आईला क्षणभर कळेना. "तुला लावू?" "हो ना. तुम्ही सगळ्यांत मोठ्या." तिच्या घरी घरातली सगळ्यांत वडीलधारी बाई सगळ्यांच्या डोक्याला तेल लावते. सगळ्यांच्या म्हणजे सगळ्यांच्या, सुनाही त्यात आल्या. आईने तेल तळहातावर घेतलं, तिच्या टाळूवर थापलं, आणि मग तिचे हात नेहमीच्या लयीत चालू लागले, कानामागून मानेवर, मानेवरून खांद्यावर. भावजय उठली तशी माझी बायको जाऊन बसली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि आईने तिच्या डोक्याला तेल लावताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग काकू. ती आधी नाही नाही म्हणाली. गुडघे दुखतात, पाटावरून उठता येत नाही. शेवटी प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, काकू चौऱ्याहत्तर, काकूचे केस इतके विरळ की तेल ओघळून कपाळावर येत होतं आणि ती एका डोळ्याने चिडून सांगत होती, "कमी लाव, कमी लाव गं, तुझा हात पहिल्यापासून सढळ." आई म्हणाली, "गप्प बस. उटण्याला तोंड पुढे कर." मी मागे उभा राहून दात घासत होतो. पुरुषांचा नंबर लागला तेव्हा बाहेर फटफटलं होतं, आणि गीझरच्या पाण्याची धार बारीक झाली होती. भावाने डोळे मिचकावले. "दादा, आपण या वर्षी नरकात."

डब्यात लेगियम निघालं. आलं, मिरी, ओवा, गूळ, तूप एकत्र शिजवून केलेला काळसर लेह्याचा गोळा, दीपावळीच्या सकाळी फराळाआधी बोटभर चाटायचा. पोटाला त्रास होऊ नये म्हणून. आधी औषध आणि मग तळण, हा क्रम आईला फार आवडला. तिने दोनदा घेतलं. मी एकदा घेतलं आणि त्यावर चार चकल्या खाल्ल्या, डोळ्यांत पाणी यायचं थांबेना.

लक्ष्मीपूजन २० की २१ यावरून सगळीकडे घोळ होता. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात २१ होतं, त्याप्रमाणे केलं. पाडव्याला माझी ओवाळणी बायकोने आधीच ऑनलाइन मागवून ठेवली होती, मला फक्त ताटात ठेवायची होती. त्या दिवसांत मला एक गोष्ट हळूहळू जाणवायला लागली. घरात भांडण झालं नाही. वाड्यातल्या दिवाळीत तिसऱ्या दिवशी काहीतरी फुटायचंच. पाण्यावरून, कुणाच्या मुलाने कुणाच्या मुलाला मारल्यावरून, साध्या डाळीला फोडणी कुठली यावरून. दोन संडास आणि अठरा माणसं हेच त्याचं खरं कारण असावं. रात्री साडेदहाला माणसं गेली की बायको सोफ्यावर पाय पसरून दिवाळी अंक उघडायची. आईसुद्धा अकराच्या आत आडवी. मला करमत नव्हतं, पण बाकीच्यांना करमत होतं, आणि सगळ्यांना करमल्याशिवाय दिवाळी झाली असं आता म्हणता येत नाही. हे लिहायला सोपं आहे. त्या रात्री मी फ्रिज उघडून नुसता उभा होतो.

अर्थात आईचं "अकराच्या आत आडवी" हे फसवं होतं. तिच्या खोलीत काकू होती. दार लोटलेलं, दिवा बंद, आणि आतून खुसुखुसू आवाज. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो, दोन वाजून गेले होते, आणि त्या अजून बोलत होत्या. गावच्या जमिनीच्या वाटण्या. आत्याच्या सासरचं. आजोबांचे बुडालेले पैसे. माझ्या माडीवरच्या गप्पांतले सगळे विषय, फक्त आता माजघराच्या बाजूने. त्यात काही नावं मी कधीच ऐकलेली नव्हती, आणि ज्या काकांना मी जन्मभर फार उदार समजत आलो त्यांच्याबद्दल काकूने एक वाक्य उच्चारलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई तोंडावर चादर धरून हसत असावी, तसा आवाज आला. मी पाण्याचा पेला तिथेच ठेवला आणि अनवाणी परत आलो.

भाऊबीजेला बहीण कराडहून आली. चुलतभावाला सख्खी बहीण नाही, त्यामुळे आम्हा दोघांनाही तीच ओवाळते. भावजय बाजूला उभी राहून बघत होती. तिचा भाऊ परदेशात. आई म्हणाली, "भाऊ जवळ नसला तर चंद्राला ओवाळायचं गं, आमच्याकडे तसं आहे." संध्याकाळी बाल्कनीतून पश्चिमेला बीजेची कोर क्षणभर दिसली आणि ढगात गेली. तेवढ्यात भावजयीने निरांजन फिरवून घेतलं. मग तिने सांगितलं की त्यांची भाऊबीज पोंगलच्या दुसऱ्या दिवशी असते. कनू पिडी. हळदीच्या पानावर रंगवलेल्या भाताचे लहान लहान गोळे मांडायचे, भावांचं कल्याण होवो म्हणायचं, आणि ते कावळ्यांना ठेवायचे. कावळे जसे थव्याने राहतात, एकाने दुसऱ्याला बोलावून खातात, तसं घर राहो. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "सणाच्या दिवशी कावळ्याला?" आमच्याकडे कावळा म्हणजे पितृपक्ष. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग काकूला विचारलं, "तू पण ठेवतेस?" काकू म्हणाली, "बारा वर्षं ठेवतेय. आधी मलाही कसंतरी झालं. पण ते कावळे येतात कसे ते बघ एकदा."

२४ला मंडळी निघाली. हळीव तेव्हा नखाएवढं वर आलेलं होतं. पुतण्याने शेजारच्या मुलाला रोज पाणी घालायची ताकीद दिली आणि गाडीत बसल्यावर काच खाली करून पुन्हा दिली. फराळाचा एक डबा त्यांच्या सामानात गेला, त्यात अनारसे नव्हते, ते आईने मुद्दाम काढून घेतले. हसलेले अनारसे परगावी पाठवायचे नाहीत.

आता आई आणि काकू रोज फोनवर असतात. त्यातूनच ठरलं की जानेवारीत, पोंगलला, आम्ही चेन्नईला जायचं. संक्रांतीचं हळदीकुंकू बायको रथसप्तमीपर्यंत कधीही करू शकते, हा काकूचाच तोडगा. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यावर मी सकाळी आठला फोन हातात धरून बसलो आणि पुण्याहून चार तिकिटं मिळवली, त्यातली दोन वरच्या बर्थची. आईचं खालचं आहे. त्याच संध्याकाळी बायकोने विचारलं, "तिथे त्यांचा फ्लॅट केवढा आहे? हॉटेल बघून ठेवायचं का जवळपास? उगाच त्यांना..." मी तिला पुढे बोलू दिलं नाही. तिने मला बोलू दिलं नाही. मुलीने मध्येच विचारलं की हॉटेलात पूल असेल का. शेवटी मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, घरीच या, गाद्या आणून ठेवल्यात. पाठीमागून भावजय काहीतरी म्हणाली ते ऐकू आलं नाही. एवढ्या गोंधळात आई तिच्या खोलीतून बाहेर आली, हातात चकलीची भाजणी भरलेली पिशवी. तिने ती काट्यावर ठेवली, वजन बघितलं आणि म्हणाली, "तुमचं काय ते तुम्ही ठरवा. मी काकूच्या खोलीत. आणि या भाजणीत धणे वाढवलेत, तिला सांगू नका."